लक्ष्मीपुरीतला साधा ब्रश आणि भांडी घासायचा स्पंज : डबेवालीचा अनुभव

ज्यांच्या मोरीला ऊन लागत नाही, त्यांनी निदान पावसाळ्याचे चार महिने तरी भांडी घासायला स्पंज वापरू नये. त्याऐवजी ताठ केसांचा, दांड्याचा नायलॉनचा ब्रश घ्यावा. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत प्लास्टिकच्या वस्तूंच्या कुठल्याही दुकानात साठ-सत्तर रुपयांत मिळतो. माझं मत हे असं सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढचं सगळं त्याची कारणं सांगण्यासाठी, आणि ज्यांना स्पंज सोडायचाच नाही त्यांनी तो कसा सांभाळावा, त्यासाठी.

मी राजारामपुरीत घरून डबे देते. दोन्ही वेळचे. शिकायला आलेली मुलं, बदलीवर आलेले नोकरदार आणि ज्यांची लेकरं पुण्या-मुंबईला गेलीत अशी म्हातारी जोडपी, हे माझे लोक. यांतल्या एका घरी कॅन्सरचे उपचार चालू आहेत. केमोथेरपीत अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतूंशी झगडायची ताकद उरत नाही. धडधाकट पोराच्या पोटात थोडंफार वेडंवाकडं गेलं तर तो एक दिवस ताकावर काढेल आणि उठून कामाला लागेल. त्या घरात तसं चालणार नाही. त्यांचा डबा भरताना तो कशाने घासला गेलाय याचा विचार माझ्या मनात रोज येतो, आणि तो यायलाच हवा. अन्न ताजं आहे, तेल चांगलं आहे, मसाला घरचा आहे, एवढं सांगून माझी जबाबदारी संपत नाही.

तर स्पंज. एका बाजूला पिवळा मऊ फोम, दुसऱ्या बाजूला हिरवी खरखरीत पट्टी. हा फोम बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. वस्तू म्हणून त्यात दोष काढायला जागा कमी आहे. थोड्या साबणात भरपूर फेस होतो, नॉनस्टिक तव्याला चरे पडत नाहीत, काचेचे पेले लख्ख निघतात, हाताला मऊ लागतो. वीस-पंचवीस रुपयांत येतो. भांडं स्वच्छ करण्याचं काम तो उत्तम करतो. अडचण तो स्वतः किती स्वच्छ राहतो याची आहे.

फोम म्हणजे नुसती भोकं. त्या भोकांत पाणी थांबतं, पाण्याबरोबर भाताचं शीत, डाळीचा गाळ, रश्श्याचा तवंग थांबतो, आणि वरून स्वयंपाकघराची ऊब. जंतूंना याहून जास्त काही लागत नाही. जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठातले मार्कुस एगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतून वापरलेले 14 स्पंज गोळा करून तपासले आणि 2017 मध्ये निष्कर्ष छापले. काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये 54 अब्जांपर्यंत जीवाणू आढळले. घन सेंटिमीटर म्हणजे साधारण एका फासाएवढी जागा. पुढे 2022 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की स्पंजाची रचनाच जंतूंच्या सोयीची आहे. काही जातींना एकटं राहायला आवडतं, काहींना गर्दी लागते. लहान-मोठी भोकं असल्यामुळे दोघांचीही सोय होते. प्रयोगशाळेतल्या द्रवातसुद्धा इतक्या वेगवेगळ्या जाती एकत्र नांदत नाहीत.

आता हा आकडा वाचून घाबरून जाऊ नका. त्यातले बहुतेक जीवाणू निरोगी माणसाला काही करत नाहीत. जर्मन अभ्यासातले स्पंज फक्त 14 होते आणि पोट बिघडवणाऱ्या नेहमीच्या जंतूंची तिथे गर्दी नव्हती. पण सर्वांत जास्त आढळलेल्या दहा प्रकारांपैकी काही, प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला त्रास देऊ शकतील अशा जातींच्या जवळचे होते. माझ्या त्या एका डब्यासाठी मला एवढी शक्यता पुरेशी आहे.

त्यातल्या एकाचं नाव मोराक्सेला ओस्लोएन्सिस. कोल्हापूरकरांची याच्याशी जुनी ओळख आहे, नाव माहीत नसलं तरी. आषाढात झड लागली की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि त्यांना जो कुबट वास मारतो, तो देणाऱ्यांत हा जीवाणू प्रमुख आहे. मोरीतल्या जुन्या स्पंजाला येणाऱ्या वासामागेही तोच असू शकतो. त्यामुळे ‘वास आला की बदलू’ असं म्हणणाऱ्या बायकांना मी आता थांबवते. वास यायला लागला याचा अर्थ त्या वसाहतीला जम बसवून बरेच दिवस झाले.

मग निर्जंतुक करू, असं कुणीही म्हणेल. इथे सल्ल्यांचा बाजार भरलेला आहे. लिंबू पिळा, व्हिनेगर टाका, मिठात बुडवा, ब्लीचमध्ये ठेवा. या बाबतीत अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये केलेला प्रयोग फार उपयोगाचा आहे. त्यांनी स्पंज मुद्दाम खिम्यात आणि जंतुवाढीच्या द्रवात दोन दिवस भिजवून, एकेकावर दोन कोटी सूक्ष्मजीव वाढवले. मग काही स्पंज दहा टक्के ब्लीचच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवले, काही लिंबाच्या रसात एक मिनिट, काही साध्या शुद्ध पाण्यात. या तिन्ही उपायांत मेले ते 37 ते 87 टक्के. ऐकायला 87 बरं वाटतं, पण दोन कोटींतले 87 टक्के गेले तरी सव्वीस लाख उरतात. ओला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट ठेवल्यावर मात्र 99.99999 टक्के मेले. दोन कोटींत उरले किती, तर साधारण दोन. डिशवॉशरमध्ये सुकवण्याच्या फेरीसकट घातलेल्या स्पंजांवर 99.9998 टक्के मेले; तेही छानच, पण आपल्याकडे कितीजणींच्या घरी डिशवॉशर आहे?

ब्लीच एवढं जालीम असून कमी का पडतं, याचं एक सरळ कारण आहे. क्लोरिनची ताकद समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर खर्च होते. स्पंजात तेल आणि खरकटं अडकलेलं असेल तर क्लोरिन आधी तिथेच संपतो, आतल्या जंतूंपर्यंत थोडाच पोचतो. म्हणून ब्लीच वापरायचंच असेल तर स्पंज आधी साबणाने पिळून-पिळून धुवा, मग बुडवा. आणि हात जोडून सांगते, ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू यांतलं काहीही मिसळू नका. विषारी क्लोरिन वायू निघतो. खिडकी नसलेल्या मोरीत हे जिवावर बेतू शकतं. ‘दोन्ही घातलं की डबल साफ’ हे मी चांगल्या शिकलेल्या घरांत ऐकलं आहे.

मायक्रोवेव्हचा उपाय मी स्वतः वापरते आणि तो मला पटलेला आहे, पण त्याचे नियम पाळायला हवेत. स्पंज पाण्याने पूर्ण निथळता ओला हवा, कारण जंतू मारतं ते त्या पाण्याचं उकळणं आणि वाफ. कोरडा स्पंज पेट घेतो. फ्लोरिडा विद्यापीठातले गॅब्रिएल बिटन यांनी दोन मिनिटं पूर्ण शक्तीवर ठेवल्यास 99 टक्क्यांहून जास्त जंतू मरतात हे दाखवलं, आणि ती बातमी पसरल्यावर तिकडे काही लोकांनी कोरडेच स्पंज आत ठेवून घर धुराने भरून घेतलं. तारेचा काथ्या किंवा तारेचे धागे विणलेली घासणी मायक्रोवेव्हमध्ये अजिबात घालू नये, ठिणग्या उडतात. बाहेर काढताना चिमट्याने काढा. आत गरम पाणी असतं, दाबला की बोटं भाजतात.

मायक्रोवेव्ह नसेल तर जुन्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवून त्यात पाच मिनिटं स्पंज राहू द्यावा. बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त अवस्था, धरणाऱ्या काही जाती यातूनही तगतात. बिटन यांच्या प्रयोगात बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू पूर्ण मरायला मायक्रोवेव्हमध्येही चार मिनिटं लागली होती. पण रोजच्या कामाला उकळणं पुरतं. ते पातेलं वेगळं ठेवा, त्यात पुन्हा दूध तापवू नका.

एवढं सगळं करून मला खटकतं ते पुढचं. मेलेल्यांची जागा लगेच भरली जाते. स्पंज परत मोरीवर आला, परत ओला झाला, परत खरकटं मिळालं की उरलेसुरले वाढायला मोकळे. जर्मन अभ्यासात तर, आम्ही नियमित साफ करतो असं सांगणाऱ्यांच्या स्पंजांवर त्या वास मारणाऱ्या मोराक्सेलाचं प्रमाण जास्तच आढळलं. त्यावरून ‘साफ केल्याने स्पंज जास्त घाण होतो’ असे मथळे फिरले. तसा अर्थ काढणं चूक आहे. स्पंज कमी, आणि कुणी कसं साफ केलं हे ज्याने त्याने सांगितलेलं. संशोधकांचा सल्ला एवढाच होता की स्पंज आठवड्याला बदला. आठवड्याला स्पंज म्हणजे वर्षाला पन्नासेक, आणि ते सगळे शहराच्या झूम कचरा डेपोच्या ढिगावर. हे मला मनापासून नको वाटतं.

म्हणून ब्रश. नॉर्वेतल्या नोफिमा या अन्नसंशोधन संस्थेच्या लोकांनी स्पंज आणि ब्रश शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींवर पोट बिघडवणारा साल्मोनेला जीवाणू सोडला. ब्रश रात्रभर सुकू दिल्यावर त्यावरचे जंतू झपाट्याने घटले. स्पंजावर टिकून राहिले. नॉर्वे आणि डेन्मार्कमधले लोक भांडी ब्रशनेच घासतात, आपल्याकडे ब्रश म्हटलं की फरशी किंवा कपडे डोळ्यांसमोर येतात. ब्रशवरचे जंतू घटतात याचं कारण एवढंच की त्याला भोकं नाहीत. केसांमधून पाणी गळून जातं आणि वारा खेळतो. जंतूंना मारायला काही घालायची गरज नाही, त्यांचं पाणी तोडलं की पुरे.

मी आणलेला ब्रश साधा आहे. वीतभर दांडा, टोकाला टांगायला भोक, डोकं लांबट गोल, केस पांढरे नायलॉनचे. कंपनीचं नाव ठळक कुठे नाही. पहिल्या दिवसापासून ज्या कामात तो स्पंजाला मागे टाकतो ते म्हणजे खाचा आणि आट्या. डब्याच्या झाकणाची आतली कड, कुकरच्या रिंगची खोबण, चहाची गाळणी, किसणी, पुरणयंत्राची जाळी. स्टीलच्या डब्याच्या क्लिपमागे कांदा-लसूण मसाल्याची लाल रेघ बसते, ती स्पंजाने कधीच पूर्ण निघत नव्हती. ब्रशने दोन फिरक्यांत निघते. नायलॉन असल्यामुळे रात्री शेवटी त्यावर किटलीतलं उकळतं पाणी ओतता येतं. मग झटकून खिडकीच्या गजाला उलटा टांगायचा. केस खाली, दांडा वर, म्हणजे पाणी बुडख्यात साचत नाही. पेल्यात उभा करून ठेवला तर खाली पाणी साचून सगळा फायदा गेला.

गेल्या पावसात मी मुद्दाम दोन्ही वस्तू त्याच खिडकीशी ठेवून बघत असे. सलग झड असताना रात्री पिळून ठेवलेला स्पंज सकाळी दाबला तर पाणी सुटायचं. ब्रशचे केस हाताला कोरडे लागायचे. एप्रिल-मेमध्ये फरक कमी होतो, कारण आपल्याकडचं ऊन दुपारपर्यंत स्पंजही कडक करतं. तेव्हा ज्यांच्या परसात किंवा गच्चीवर ऊन येतं त्यांनी उन्हाळ्यात स्पंज जरूर वापरावा, फक्त दोन ठेवून आलटून-पालटून. एक कामात, एक उन्हात.

ब्रशच्या उणिवा सांगते. फेस कमी होतो, त्यामुळे सुरुवातीला साबण जास्त घेतला जातो. उपाय म्हणून एका वाडग्यात भांड्यांचा लिक्विड साबण पाण्यात कालवून त्यात ब्रश बुडवत राहावं. मात्र ते पाणी दर वेळी नवं करायचं, सकाळचं संध्याकाळला नाही. दुसरं, करपलेल्या पातेल्याला ब्रश काही करू शकत नाही. आमटी लागली, दूध लागलं, तिथे तारेचा काथ्याच हवा. तिसरं, जोरात घासलं की शिंतोडे उडतात, म्हणून मटणाच्या भांड्यांना ब्रश लावायचा तर भांडं वाहत्या नळाखाली धरायचं नाही, पाण्यात बुडवून हळू घासायचं. चौथं, अरुंद पेल्यात डोकं जात नाही. काचेच्या पेल्यांसाठी मी एक छोटा स्पंज ठेवला आहे, तो फक्त पेल्यांना, आणि रोज मायक्रोवेव्हमध्ये जातो.

मटणाचं थोडं वेगळं बोलायला हवं, कारण कोल्हापुरात रविवार आणि मटण यांची फारकत होणार नाही आणि व्हावी असं मलाही वाटत नाही. तांबडा-पांढरा रस्सा उकळून-उकळून होतो, त्यात जंतूंची भीती नाही. भीती आहे ती कच्चं मटण आणि त्याहून जास्त कच्चं चिकन जिथे धुतलं त्या जागेची. कच्च्या चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असण्याची शक्यता धरूनच चालावं. तेच पाणी सिंकमध्ये, विळीवर, ओट्यावर सांडतं, आपण सवयीने स्पंजाने पुसतो, आणि त्याच स्पंजाने कोशिंबिरीचा वाडगा घासतो. कोशिंबीर तर शिजवायची नसते. माझ्याकडे कच्च्या मटणाचं पाणी आधी जुन्या वर्तमानपत्राने टिपून थेट कचऱ्यात, मग साबण, मग उकळतं पाणी. घासणी तिथे लावतच नाही. सगळ्या घरांनी एवढा एकच बदल केला आणि बाकी स्पंज-ब्रश काही बदललं नाही, तरी मला समाधान वाटेल.

जुन्या वस्तूंबद्दलही विचारलं जातं, म्हणून लिहिते. नारळाची शेंडी भरभर वाळते आणि रोज नवी घेऊन फेकता येते, त्यामुळे स्वच्छतेच्या दृष्टीने चांगलीच. तंतू मात्र गाळणीत अडकतात. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी मला फार आवडते. ज्यांच्या परड्यात वेल आहे त्यांना फुकट, हाताला छान, कुजून मातीत जाणारी. पण तीही भोकांचीच आहे, ओली ठेवली तर काळी पडते, म्हणून उन्हाळ्यापुरती. तारेचा काथ्या पटकन वाळतो, घासायला जबरदस्त, आणि बोटं कापतो.

बोटांवरून आठवलं. माझ्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी शेजारच्या आणखी घरांतही जातात. दिवसभर पाण्यात हात, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, वर तारेचे बारीक काप. जंतूंविषयी बोलताना आपण आपल्या ताटाचा विचार करतो, पण त्या ओल्या, घाण स्पंजात रोज हात घालणारी बाई वेगळीच असते, आणि चिरलेल्या कातडीतून जंतू आत जायला वेळ लागत नाही. दांड्याचा ब्रश आल्यापासून त्यांचा हात खरकट्या पाण्यात कमी जातो. सुरुवातीला त्यांना तो आवडला नव्हता. “वैनी, ह्येनं भांडं हाताला लागत न्हाई, निघालंय का न्हाई कसं कळायचं?” असं म्हणाल्या होत्या, आणि त्यांचं खरं होतं. बोटांना ओशटपणा कळतो, दांड्याला कळत नाही. आता त्या ब्रशने घासतात आणि विसळताना बोट फिरवून बघतात. मागच्या महिन्यात आपणहून म्हणाल्या, “आमच्या घरला बी एक आणा.” मी दोन आणले. रबरी हातमोजेही दिलेत, पण ते त्यांना घामाने नकोसे होतात, तिथे मी आग्रह धरत नाही.

घेताना काय बघायचं ते सांगते. दुकानातच केस चिमटीत धरून ओढून पाहा. एक-दोन जरी निघाले तरी ठेवून द्या, ते उद्या कुणाच्या तरी भाजीत जातील. डोकं आणि दांडा एकसंध असावा. जोडाच्या फटीत घाण बसते आणि तिथे ब्रशचा ब्रश लागतो. लाकडी दांड्याचे सुंदर ब्रश हल्ली मिळतात, पण आपल्या पावसात लाकूड पाणी धरतं, बुरशी येते. केस फार मऊ नकोत, बोटाने वाकवले तर झटकन सरळ व्हायला हवेत. रंगीत केसांपेक्षा पांढरे घ्या, मळ दिसतो. महाद्वार रोडला हाच ब्रश थोडा महाग पडतो, लक्ष्मीपुरीत दोन-तीन एकदम घेतले तर भाव कमी होतो. केस फाकून बाहेर वळले की बदलायचा. डब्यांच्या राबत्यातही माझा एकेक ब्रश कित्येक महिने जातो, चार माणसांच्या घरात त्याहून जास्त जाईल. जुना झालेला मी टाकत नाही, दांड्याला लाल दोरा बांधून बेसिनच्या जाळीसाठी ठेवते. लाल दोरा दिसला की तो भांड्यांना लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.